कबुलीचे बळ

चेन्नई शहरात मैलापूरच्या समुद्रकाठी सांथोमचे पांढरेशुभ्र महामंदिर उभे आहे, आणि तेथून नैर्ऋत्येस काही अंतरावर संत थोमाचा डोंगर आहे. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी थोमा हा भारतात आला आणि इसवी सनाच्या ७२व्या वर्षी याच परिसरात त्याने देह ठेवला, अशी येथील ख्रिस्ती समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. हा थोमा शुभवर्तमानात ओळखला जातो तो त्याच्या संशयासाठी. गुरू मृत्यूवर विजय मिळवून परतला, असे सोबत्यांनी सांगितले. थोमाने मात्र, त्याच्या हातांवरील जखमा डोळ्यांनी पाहिल्यावाचून मानणार नाही, असे साफ सांगितले. श्रद्धेचा आधार घेऊन मद्याच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्या मनुष्याचा विचार करताना या संशयी शिष्याची आठवण ठेवणे उपयोगी पडते. कारण तो मनुष्यही सुरुवातीस बहुधा संशयीच असतो. देवावर त्याचा विश्वास नसतो, आप्तांवर नसतो आणि स्वतःवर तर मुळीच उरलेला नसतो.

चेन्नईतच बेझंट नगरच्या किनाऱ्यावर वेळांकन्नी मातेचे देऊळ आहे. ऑगस्टच्या अखेरीस तेथे ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरपर्यंत उत्सव चालतो. त्या गर्दीत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. कोणी अपत्यासाठी नवस करतो, कोणी आजारासाठी. आणि पदराआड मेणबत्ती सांभाळीत उभ्या असलेल्या कितीतरी स्त्रियांचे मागणे एकच असते : घरातल्या कर्त्या पुरुषाची दारू सुटावी. पगाराच्या दिवशी तो सरळ घरी यावा, एवढेच त्या मागत असतात. या मागण्यात केवळ भाबडेपणा आहे, की त्यामागे काही खरे बळ आहे? आणि असल्यास ते बळ नेमके कोठून येते व कसे कार्य करते?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी व्यसन म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. मद्यासक्त मनुष्याकडे इच्छाशक्ती नसते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती अशी की तो इतरांपेक्षा अधिक वेळा निश्चय करतो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, बाटली फोडतो, मित्र बदलतो, गावही बदलतो. शपथ घेताना तो खोटे बोलत नसतो. परंतु दीर्घकाळच्या मद्यपानाने त्याच्या शरीराची आणि मेंदूची घडणच अशी बदललेली असते की पहिला पेला पोटात गेल्यावर थांबण्याचे सामर्थ्य त्याच्या हाती राहत नाही. अमेरिकेतील वैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५६ साली मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले, ते याच कारणास्तव. यास्तव ज्या इच्छाशक्तीचा दोर तुटलेला आहे, त्याच दोराला धरून वर ये, असे त्याला सांगणे व्यर्थ ठरते.

शपथेचा आणि कायद्याचा, असे दोन्ही मार्ग जगाने आजमावून पाहिले आहेत. आयर्लंडमध्ये १८३८ साली फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेची चळवळ सुरू केली आणि लक्षावधी लोकांनी त्यांच्यासमोर गुडघे टेकून शपथ घेतली. पण प्रतिज्ञेची ती लाट काही वर्षांतच ओसरली. आपल्याकडे राजाजींनी १९३७ साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली, १९४८पर्यंत ती साऱ्या मद्रास प्रांतात पसरली. मुंबई राज्यात ती १९५० साली आली. तमिळनाडूत १९७१ साली ही बंदी उठली, पुन्हा आली, पुन्हा उठली. आणि २००३पासून तेथे मद्याची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्याच दुकानांतून होऊ लागली. कायद्याने बाटली दूर ठेवता येते, आणि अनेक गरीब घरांना त्याचा दिलासाही मिळतो. तथापि ज्याच्या आत तहान लागलेली आहे, त्याची तहान कायदा शमवू शकत नाही.

ख्रिस्ती धर्मविचार या ठिकाणी एक निराळी दिशा दाखवितो. या धर्माने द्राक्षारसालाच पाप म्हटलेले नाही. काना गावच्या लग्नघरी येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, अशी कथा शुभवर्तमानात आहे आणि प्रभुभोजनाच्या विधीतही द्राक्षारसाला स्थान आहे. निषेध आहे तो धुंदीचा, माणसाला आपला दास करणाऱ्या आसक्तीचा. परंतु या निषेधापेक्षाही मोलाची गोष्ट पुढे आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मनुष्याच्या एका विलक्षण अवस्थेचे वर्णन केले आहे. जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही, आणि ज्याचा तिटकारा येतो तेच घडते, अशी ती अवस्था. ते वर्णन वाचून व्यसनी मनुष्य चपापतो, कारण ते जणू त्याचेच चरित्र असते. आणि पौलाचे उत्तर, आणखी जोर लाव, असे नाही. आपल्या बळाने हे होणार नाही, हे ओळख आणि ईश्वराच्या कृपेसाठी हात पुढे कर, असे त्याचे सांगणे आहे.

म्हणजेच या मार्गातली पहिली पायरी कबुलीची आहे. मराठी मनाला ही कल्पना परकी वाटू नये. आपले कर्तृत्व बाजूला ठेवून शरण जाणे हा वारकरी भक्तीचाही गाभा आहे, आणि गळ्यात माळ घातल्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची दारू सुटल्याची उदाहरणे महाराष्ट्रातल्या खेड्यांत अनेकांना ठाऊक असतात. १८९५ साली ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत, त्यामागेही ही शरणागतीची ओळख असली पाहिजे.

कबुलीनंतर काय, हे पाहण्यासाठी डब्लिन शहरातील एका हमालाचे उदाहरण बोलके आहे. मॅट टॅलबॉट याचा जन्म १८५६ सालचा. पोरवयातच त्याला दारू लागली. मजुरी मिळे ती गुत्त्यात जाई. एकदा एका फिरत्या वादकाचे सारंगीसारखे वाद्य चोरून त्याने त्याचीही दारू केली. १८८४ साली, खिशात दमडी नसताना, ज्यांना आपण पाजले ते सोबती आपल्याला एक पेलाही देत नाहीत, हे पाहून तो घरी परतला आणि त्याने धर्मगुरूसमोर प्रतिज्ञा केली. ही प्रतिज्ञा जन्मभराची नव्हती, अवघ्या तीन महिन्यांची होती. मुदत संपली तशी त्याने ती वाढविली. पहाटे कामावर जाण्यापूर्वी तो उपासनेला जाई. गुत्त्याचा मोह टाळण्यासाठी खिशात पैसे ठेवणे त्याने सोडले. जुनी देणी फेडली. त्या वादकाला शोधीत तो शहरभर फिरला, आणि तो सापडला नाही तेव्हा वाद्याच्या मोलाची रक्कम त्याच्या नावे प्रार्थनेसाठी दिली. १९२५ साली उपासनेला जात असताना रस्त्यातच त्याला मरण आले, तोवर चाळीस वर्षे तो मद्यापासून दूर राहिला होता. रोमच्या चर्चने १९७५ साली त्याला आदरणीय पदवी दिली. त्याच्या आयुष्यात चमत्कार शोधू गेल्यास दिसते ती रोजची शिस्त. थोड्या मुदतीचा संकल्प, दिवसाचा आरंभ प्रार्थनेने, मोहाच्या वाटा आधीच बंद करणे, आणि ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई. श्रद्धेने त्याला दिलेले बळ ते या रूपाने.

हीच सूत्रे पुढे अमेरिकेत एका संघटनेच्या रूपाने जगासमोर आली. न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन दारूपायी सर्वस्व गमावून १९३४च्या डिसेंबरात रुग्णालयात पडला होता. फ्रँक बुकमन या लुथरन धर्मोपदेशकाने चालविलेल्या ऑक्सफर्ड ग्रूप नावाच्या ख्रिस्ती चळवळीतून सावरलेला एक जुना मित्र त्याला भेटून गेला होता. दोषांची कबुली, भरपाई, प्रार्थना आणि दुसऱ्याला साहाय्य, ही त्या चळवळीची शिकवण होती. रुग्णालयात निराशेच्या टोकाला पोचलेल्या विल्सनने ईश्वराला हाक मारली, आणि त्यानंतर त्याने पुन्हा मद्याला स्पर्श केला नाही.

परंतु खरी कसोटी पाच महिन्यांनी आली. १९३५च्या मे महिन्यात व्यापारानिमित्त तो अक्रन नावाच्या गावी गेला होता. काम फसले, खिसा रिकामा झाला, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा राहिला. एका बाजूस मद्यालयातील हास्यविनोद ऐकू येत होता, दुसऱ्या बाजूस टेलिफोनजवळ गावातील चर्चची यादी लावलेली होती. त्याने त्या यादीतील एका धर्मगुरूला टेलिफोन केला. मला दारू पिणारा मनुष्य भेटवा, त्याच्याशी बोललो तर मी वाचेन, असे त्याचे म्हणणे होते. त्यातून त्याची गाठ डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या मद्यासक्त शल्यविशारदाशी पडली. विल्सनने त्याला उपदेश केला नाही, आपलीच कहाणी सांगितली. १० जून १९३५ रोजी डॉक्टर स्मिथ यांनी अखेरचा पेला घेतला आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या अनामिक मद्यपींच्या संघटनेचा जन्मदिवस मानला जातो.

या संघटनेच्या बारा पायऱ्या १९३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. आपण मद्यापुढे हतबल झालो आहोत हे मान्य करणे. आपल्याहून थोर अशा शक्तीवर भरवसा टाकणे. आपल्या दोषांचा निर्भयपणे झाडा घेणे. तो ईश्वरासमोर, स्वतःसमोर आणि दुसऱ्या एका माणसासमोर उघड करणे. ज्यांना दुखावले त्यांची शक्य तेथे भरपाई करणे. रोज प्रार्थना व चिंतन करणे. आणि शेवटी हा संदेश दुसऱ्या व्यसनी माणसापर्यंत पोचविणे. पश्चात्ताप, पापांगीकार, प्रायश्चित्त आणि सेवा या ख्रिस्ती साधनेच्याच या पायऱ्या आहेत, हे कोणाच्याही ध्यानात येईल. पण संघटनेतल्या संशयी सभासदांनी आग्रह धरला आणि ईश्वराचे स्वरूप ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानावे, अशी मुभा ठेवण्यात आली. थोमाच्या कुळातल्या माणसांसाठी दार उघडे राहिले, ते असे. सुप्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९६१ साली विल्सनला पत्र लिहून, मद्याची तहान ही खालच्या पातळीवरची का होईना पण पूर्णत्वाची, ईश्वराशी एकरूप होण्याची तहान आहे, असे मत कळविले होते.

भारतात ही संघटना १९५७ साली रुजली. चेन्नईत या विचाराला भक्कम घर मिळाले, ते मात्र एका हिंदू स्त्रीच्या हातून. उद्योगपती आणि केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या घराण्यातील टी. टी. रंगनाथन हे मद्यासक्तीने तरुणपणी मरण पावले. त्या काळी देशात अशा रुग्णांसाठी खास उपचारांची सोय नसल्यासारखीच होती. त्यांच्या पत्नी शांती रंगनाथन यांनी दुःखाला कवटाळून न बसता अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हेझल्डन या संस्थेत जाऊन उपचारपद्धतीचा अभ्यास केला आणि १९८० साली चेन्नईत पतीच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले. हेझल्डनची पद्धत बारा पायऱ्यांवर उभारलेली होती. वैद्यकीय उपचार, समुपदेशन, गटातील मोकळे बोलणे, कुटुंबीयांसाठी वेगळा कार्यक्रम आणि नंतरचा दीर्घ पाठपुरावा यांची सांगड चेन्नईच्या या संस्थेने घातली, तमिळनाडूच्या खेड्यांतून शिबिरेही भरविली. शांती रंगनाथन यांना १९९२ साली पद्मश्री मिळाली, तर १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्ना नागरी समाज पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. ख्रिस्ती चळवळीतून निघालेला एक झरा असा महासागर ओलांडून अड्यारच्या काठी आला आणि सर्व धर्मांच्या माणसांची तहान भागवू लागला.

महाराष्ट्रातही असेच घडले. फादर जो परेरा हे कॅथलिक धर्मगुरू स्वतः मद्यासक्तीतून बाहेर पडलेले. त्यांनी १९८१ साली मुंबईत वांद्रे येथे ‘कृपा’ ही संस्था काढली. संस्थेचे नावच या साऱ्या विचाराचे सार सांगते. बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य असलेल्या या धर्मगुरूंनी बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. पुण्यात डॉक्टर अनिता अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथेही रुग्णाने रुग्णाला हात देण्याची रीत आहे.

या ठिकाणी एक इशारा देणे अत्यंत आवश्यक आहे. श्रद्धेच्या भरात, आजपासून थेंबही नाही, असे म्हणून वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या मनुष्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू थांबवू नये. अशा माणसाला काही तासांतच हातापायांना कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. प्रार्थनेसाठी एखाद्या आश्रमात नेलेला रुग्ण असा बरळू लागला म्हणजे त्याला भूतबाधा समजून कोंडून ठेवण्याचे प्रकार घडतात. ते घातक आहेत. त्याला रुग्णालयात नेले पाहिजे. योग्य औषधे आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व यांनी हा काळ सुखरूप पार पडू शकतो. पौलाचा प्रिय सहकारी लूक हा वैद्य होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे औषध घेणे हा अविश्वास नव्हे, हे सहज पटेल.

दुसरी गोष्ट चर्चच्या मंडळींच्या वागणुकीची. १८६९ साली थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस न आंबविता टिकविण्याची युक्ती काढली, ती प्रभुभोजनाच्या पेल्यातही मद्य नसावे म्हणून. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या आज असाच रस वापरतात. कॅथलिक विधीत केवळ भाकर स्वीकारली तरी प्रसाद पूर्ण मानला जातो. सावरू पाहणाऱ्या बांधवासाठी एवढा विचार धर्मसंस्था करते. मग रविवारी शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाने त्याच्याकडे तिरस्काराने पाहणे कितपत शोभते? आणि तो पुन्हा घसरला, तर त्याची श्रद्धा लटकी होती, असा निवाडाही करू नये. पुन्हा घसरणे हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे. घसरल्यावर लपून न राहता परत येण्याचे धैर्य, हेच श्रद्धेचे खरे माप. बायकोने आणि मुलांनी मात्र क्षमेच्या नावाखाली मारहाण सोसत राहावी, असा याचा अर्थ होत नाही. स्वतःला सुरक्षित ठेवणे, खोटी कारणे सांगून त्याचे पिणे न झाकणे आणि आपल्यासाठीही आधार शोधणे हे त्यांचे कर्तव्य आहे. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही संघटना १९५१ साली निघाली, ती याच हेतूने.

हा मार्ग खरोखर कितपत गुण देतो, असे थोमाप्रमाणे कोणी विचारील, आणि विचारावेच. २०२० साली २७ अध्ययनांचा आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र विचार करणारा एक आढावा ‘कॉक्रेन’ या संस्थेने प्रसिद्ध केला. मद्य पूर्णपणे बंद ठेवण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे नेणारी शिस्तबद्ध पद्धत इतर मान्य उपचारांपेक्षा अधिक परिणामकारक दिसली, असा त्याचा निष्कर्ष होता. सर्वांनाच हा मार्ग मानवतो असे नव्हे. पण तो केवळ भाबडेपणा नाही, एवढे निश्चित. खरी खंत निराळीच आहे. भारत सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात ५ कोटी ७० लाख लोकांना मद्याच्या घातक वापरासाठी वा व्यसनासाठी मदतीची गरज होती, आणि व्यसनाधीन झालेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळाले होते. बाकीचे सदतीस जण लाजेच्या आड बसून राहतात.

ही लाज कशाने जाते? थोमाच्या कथेचा शेवट पुन्हा पाहावा. येशूने त्याच्या संशयाबद्दल त्याच्याकडे पाठ फिरविली नाही, त्याच्याशी वादही घातला नाही. आपल्या जखमा त्याच्यासमोर धरल्या, आणि थोमाचा विश्वास बसला. संध्याकाळी एखाद्या शाळेच्या वर्गात अथवा चर्चच्या आवारातल्या खोलीत पंधरा-वीस माणसे खुर्च्या मांडून बसतात. त्यांतला एकजण उठतो, आडनाव न सांगता आपले नाव सांगतो, मी मद्यासक्त आहे असे म्हणतो आणि आपली कहाणी सांगू लागतो. बुडालेला पगार, गहाण पडलेले मंगळसूत्र, बापाला पाहून दाराआड लपणारे मूल, सारे तो सांगतो. दाराजवळच्या खुर्चीवर कोणी नवा मनुष्य अंग चोरून बसलेला असतो. त्याला आजवर पुष्कळांनी उपदेश केलेला असतो, जखम मात्र कोणी दाखविलेली नसते. त्या रात्री तो घरी जातो तेव्हा वाटेवरचे दुकान उघडेच असते. पण आजचा एक दिवस ते ओलांडून जाता येईल, एवढा विश्वास त्याच्याजवळ आलेला असतो. आणि उद्याचा दिवस मागायला तो उद्या पुन्हा येणार असतो.